मणक्याच्या ऑपरेशनआधी ताट तपासलं: लातूर जिल्ह्यातल्या एका माळकरी शेतकऱ्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

तात्या (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) लातूर जिल्ह्यातले शेतकरी. वय 54. साडेचार एकर रान, त्यात सोयाबीन आणि तूर, विहिरीला पाणी राहिलं तर रब्बीत हरभरा आणि थोडी ज्वारी. दारात दोन म्हशी. पंचविशीत गळ्यात तुळशीची माळ घातली तेव्हापासून मांस, मासे, अंडी बंद. दारूला कधी शिवले नाहीत. तंबाखू मात्र सुटली नाही. घरी पत्नी, मुलगा आणि सून. सून तेव्हा चार महिन्यांची गरोदर होती, हे लक्षात ठेवावं, कारण त्याचा पुढे संबंध येतो.

ते आमच्याकडे आले ते आहाराच्या सल्ल्यासाठी नव्हे. मोठ्या शहरातल्या एका खासगी दवाखान्यात त्यांना मणक्याचं ऑपरेशन सुचवलं होतं. पैशासाठी म्हैस विकायची ठरलं होतं, गिऱ्हाईकही बघून गेलं होतं. त्याआधी तालुक्याच्या ठिकाणच्या आमच्या फिजिशियनना एकदा दाखवावं, असा सुनेच्या माहेरच्यांचा आग्रह. रक्त कमी दिसलं म्हणून डॉक्टरांनी त्यांना माझ्या टेबलाकडे पाठवलं. मी तिथे आहाराचं काम बघते.

तक्रार

सुरुवात दीड वर्षापूर्वीची. पायाच्या बोटांना मुंग्या, मग तळवे बधिर. "पायाखाली कापूस हातरल्यावानी वाटतंय," असं ते म्हणाले. चप्पल पायातून निसटून मागे राहायची आणि त्यांना ते चार पावलं गेल्यावर कळायचं. पुढे हाताच्या बोटांनाही मुंग्या आल्या, सदऱ्याची बटणं लावायला वेळ लागू लागला.

दोन गोष्टी त्यांनी विचारल्याशिवाय सांगितल्या नाहीत. एक, रात्रीच्या लायटीला पाणी द्यायला गेल्यावर ते दोनदा सरीत पडले होते. दिवसा तसं होत नव्हतं. दुसरी, सकाळी डोळे मिटून तोंडावर पाणी मारताना तोल जायचा, म्हणून न्हाणीच्या भिंतीला एक हात लावून तोंड धुवायची सवय लागली होती. घरच्यांनी हे वयावर ढकललं होतं. अलीकडे ते चिडचिड करतात, विसरतात, हेही वयाच्याच खात्यात जमा.

एमआरआयमध्ये कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी थोडी बाहेर आलेली दिसत होती. पन्नाशीनंतर कंबरेचा एमआरआय काढला तर कसलाही त्रास नसलेल्या कित्येकांच्या फोटोत हे दिसतं. तात्यांचं दुखणं त्या फोटोशी जुळतही नव्हतं. गादी शिरेवर दाबली गेली की बहुधा एकाच पायात वरून खाली कळ येते. इथे कळ नव्हतीच. दोन्ही पाय सारखेच बधिर होते आणि वर हातही. कंबरेतल्या गादीमुळे हाताला मुंग्या येत नाहीत.

डॉक्टरांनी ट्यूनिंग फोर्क, म्हणजे आपटला की थरथरणारा धातूचा काटा, घोट्याच्या हाडावर ठेवला. कंप जाणवत नव्हता. पाय जुळवून, डोळे मिटून उभं राहायला सांगितलं तर तात्या झुकले आणि त्यांना धरावं लागलं. अंधारात पडणं आणि तोंड धुताना तोल जाणं यांचा अर्थ इथे लागला. पाय नेमका कुठे टेकला आहे ही खबर मेंदूकडे नेणारे मज्जारज्जूतले तंतू अधू झाले होते आणि ती उणीव डोळे भरून काढत होते. डोळे मिटले की आधार गेला. साखर तपासली होती, ती ठीक होती.

ताटात काय होतं

मी आदल्या दिवसाचं खाणं विचारलं, मग एकादशीच्या दिवसाचं, मग सुगीतल्या दिवसाचं. पहाटे अनशापोटी चहा. दहाच्या सुमाराला दोन भाकरी, पिठलं किंवा एखादी पालेभाजी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. दुपारी रानात उरलेली भाकरी, कांदा. रात्री पुन्हा भाकरी, तुरीचं वरण, कधी भात. दिवसाला पाच-सहा चहा, त्यातला एक जेवणावरच.

या ताटाला नावं ठेवायची माझी तयारी नाही. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, तुरीत ते भरपूर असतं. भाकरी-वरण एकत्र खाल्लं की प्रथिनांची जुळणी चांगली होते. चोथा भरपूर, शेंगदाण्यातून स्निग्ध, हंगामात तांदुळजा, घोळ, हरभऱ्याचा पाला. मुलुखाने शोधून काढलेलं हे जेवण आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शनात दोन हजार कॅलरींच्या दिवसासाठी 85 ग्रॅम डाळी-कडधान्यं, 400 ग्रॅम भाज्या आणि 300 मिलिलिटर दूध किंवा दही सांगितलं आहे. डाळीत तात्या फार मागे नव्हते, भाजीत बरेच मागे होते. फळ वारीत आणि उपासाला.

दुधाच्या रकान्यात जवळपास काहीच नव्हतं. दोन म्हशींचं घर, पण सकाळ-संध्याकाळचं दूध थेट डेअरीला. डेअरीचं बिल दर दहा दिवसांनी हातात पडतं आणि घरात नियमित येणारा पैसा तेवढाच. सोयाबीनचा पैसा वर्षातून एकदा, तोही भाव मिळाला तर. चार वर्षांपूर्वी कर्ज झाल्यापासून घरासाठी फक्त चहापुरतं दूध ठेवायचे. ताक विरजायचंही थांबलं होतं.

बी-12 जीवनसत्त्व कुठलीही वनस्पती तयार करत नाही, ते जिवाणू तयार करतात. माणसाला ते मांस, मासे, अंडी आणि दूध यांतून मिळतं. माळकऱ्याच्या ताटात दूध-दही हाच एक दरवाजा. मोठ्या माणसाची दिवसाची गरज 2.2 मायक्रोग्रॅम. शंभर मिलिलिटर दुधात साधारण 0.4 ते 0.5 मायक्रोग्रॅम, आणि चहात उकळत ठेवलं की त्यातलंही काही जातं. तात्यांच्या सगळ्या चहांचं दूध मिळून जेमतेम शंभर-सव्वाशे मिलिलिटर भरत होतं. म्हणजे गरजेच्या पाव हिश्श्याच्या आतबाहेर.

मग एवढी वर्षं कसं निभावलं? माळ तर तीस वर्षांची. याचं अर्धं उत्तर यकृतात आहे: शरीरातल्या दोन ते पाच मिलिग्रॅम बी-12 पैकी बरंचसं तिथे साठलेलं असतं आणि शरीर ते पित्तरसातून आतड्यात सोडून पुन्हा शोषून घेतं. आवक कमी झाली तरी हा साठा काही वर्षं पुरतो. उरलेलं अर्धं उत्तर तात्यांच्या सदऱ्याच्या खिशात होतं.

सकाळची गोळी

जाता जाता मी विचारलं, "तात्या, गोळ्या कुठल्या चालू आहेत?" ते म्हणाले, "गोळ्या काहीच नाहीत. पित्ताची तेवढी एक घेतो." खिशातून पॅन्टोप्राझोलची पट्टी निघाली. चार वर्षांपूर्वी छातीत जळजळायला लागलं, मेडिकलवाल्याने गोळी दिली, बरं वाटलं, तेव्हापासून रोज. चिठ्ठी नाही, डॉक्टर नाही. त्यांच्या लेखी ते औषधच नव्हतं.

इथे पचनाचा मार्ग थोडा नीट पाहावा लागतो, कारण प्रत्येक पोषकद्रव्य आतड्यात आपापल्या जागी आत शिरतं आणि बी-12 चा रस्ता सगळ्यांत लांबचा आहे. भाकरीतल्या पिठुळ पदार्थाचं पचन तोंडात लाळेपासून सुरू होतं. लोह जठराच्या लगेच पुढे, लहान आतड्याच्या सुरुवातीला शोषलं जातं. बी-12 अन्नातल्या प्रथिनाला चिकटलेलं असतं. जठरातलं आम्ल आणि प्रथिनं पचवणारं पेप्सिन ते सोडवतात. सुटलेलं बी-12 लाळेतून आलेलं एक प्रथिन पकडून ठेवतं. पुढे स्वादुपिंडाचे पाचक रस ते प्रथिन तोडतात, मग जठराच्याच अस्तरातून स्रवलेला इंट्रिन्सिक फॅक्टर नावाचा दुसरा घटक बी-12 ला धरतो, आणि ही जोडी लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात पोचल्यावर शोषली जाते. मधला एक टप्पा बिघडला तरी पोचत नाही.

पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल या गोळ्या जठरातलं आम्ल कमी करतात. त्यासाठीच त्या असतात आणि व्रण असणाऱ्याला, वेदनाशामकं घ्यावी लागणाऱ्याला त्या वाचवतात. पण वर्षानुवर्षं रोज घेतल्या तर दुधातल्या प्रथिनाला चिकटलेलं बी-12 सुटायला आम्ल अपुरं पडतं. तात्यांच्या बाबतीत दूध बंद होणं आणि गोळी सुरू होणं एकाच सुमाराला घडलं. आधीच थोडं येत होतं, त्यातलंही सुटत नव्हतं.

जिभेनेही सांगितलं होतं. ती लाल, गुळगुळीत झाली होती आणि वर्षभरापासून ठेचा झोंबत होता. तात्यांनी त्याचा अर्थ पित्त वाढलं असा घेतला आणि गोळी आणखी नेमाने घेऊ लागले.

समोरचे पर्याय

मुलाच्या मनात ऑपरेशन पक्कं होतं. एवढ्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलंय, फोटोत दिसतंय, मग थांबायचं कशाला? त्याचा प्रश्न रास्त होता. उशीर झाला तर पाय कायमचे जातील ही त्याची भीतीही खरी होती, फक्त ती ज्या कारणाला चिकटली होती ते कारण चुकीचं होतं.

दुसरा पर्याय सर्वांत सोपा दिसणारा आणि माझ्या मते सर्वांत घातक: हिमोग्लोबिन 9.6 आहे, तर लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सुरू करून बघू. फॉलिक ॲसिडला मुंबईचा इतिहास आहे. 1931 साली लूसी विल्स या संशोधिकेने मुंबईतल्या गरोदर बायकांच्या पंडुरोगावर यीस्टचा अर्क लागू पडतो असं दाखवलं आणि त्यातून पुढे फॉलिक ॲसिड सापडलं. पण बी-12 कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड दिलं तर रक्त सुधारतं आणि मज्जातंतूंची हानी चालूच राहते. आकडा चांगला आला म्हणून सगळे निर्धास्त होतात, तेवढ्यात पाय जातात.

तिसरा पर्याय फक्त आहार बदलायचा. अंडं सुचवण्यात अर्थ नव्हता. तीस वर्षांच्या माळेशी आहारतज्ज्ञाने वाद घालू नये. दूध पूर्ण 300 मिलिलिटर केलं तरी त्यातून मिळणार सव्वा ते दीड मायक्रोग्रॅम. रोजच्या गरजेलाही ते पुरत नाही, रिकामा साठा कुठून भरणार? आंबिलात, इडलीच्या पिठात किंवा स्पिरुलिनात बी-12 असतं असं लोक हौसेने सांगतात. आंबवलेल्या धान्यावर भरवसा ठेवता येत नाही, आणि स्पिरुलिनात जे असतं ते बहुतांश शरीराला न चालणारं नकली रूप.

चौथा पर्याय: आधी तपासणी, मग इंजेक्शन, आणि ऑपरेशन तीन महिने पुढे. डॉक्टरांनी हाच निवडला, पण अट घातली. लघवी-शौचावरचा ताबा सुटला, मांडीच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला किंवा पायातली ताकद भराभर कमी झाली तर एक दिवसही न थांबता मोठ्या दवाखान्यात जायचं. हे मुलाला कागदावर लिहून दिलं, तेव्हा तो थोडा सैलावला.

तपासणीचा पेच

इथे प्रकरण सरळ राहिलं नाही. बी-12 ची पातळी आली 238 पिकोग्रॅम. दोनशेच्या खाली कमतरता धरतात. म्हणजे प्रयोगशाळेच्या कागदावर तात्या ठीक. लाल पेशींचा आकारही नेहमीचा निघाला. बी-12 च्या कमतरतेत पेशी मोठ्या होतात हे पुस्तकात ठळक छापलेलं असतं. मुलगा म्हणाला, "मग ऑपरेशनच करू या ना."

पेशींचा आकार फसवा का होता, ते फेरिटिनने, म्हणजे लोहाचा साठा दाखवणाऱ्या तपासणीने सांगितलं. लोहाचा साठाही तळाला गेला होता. लोह कमी झालं की पेशी लहान होतात, बी-12 कमी झालं की मोठ्या. दोन्ही एकदम कमी झालं तर सरासरी मधोमध येते. काचपट्टीवर रक्त पाहिल्यावर मात्र काही पेशी लहान, काही मोठ्या आणि पांढऱ्या पेशींची केंद्रकं नको तितक्या खंडांची दिसली, ही बी-12 च्या उणिवेची खूण. हे बघायला महागडं यंत्र लागत नाही, बघणारा माणूस लागतो.

पातळीचं कोडं पत्नीने सोडवलं. दोन महिन्यांपूर्वी अंग गळालं म्हणून गावातल्या दवाखान्यात "ताकदीची लाल सुई" दोनदा घेतली होती. ती लाल दिसते ती बी-12 मुळेच. त्यात कोबाल्ट असतं. "सुई घेतली की आठ-पंधरा दिस बरं वाटायचं बगा त्यास्नी," असं त्या म्हणाल्या. हा निम्मा निदानाचा पुरावा होता आणि त्याच सुईने रक्तातली पातळी वर नेऊन ठेवली होती.

मग होमोसिस्टीन तपासायचं ठरलं. बी-12 नसलं की हे द्रव्य रक्तात साठतं. ही तपासणी तालुक्यात होत नाही, नमुना लातूरला जातो आणि खर्च शेतमजुराच्या दोन-तीन दिवसांच्या रोजाइतका. निकाल 31 आला. पंधराच्या आत असावं लागतं. मूत्रपिंडाचा बिघाड किंवा फॉलेटची उणीव असली तरी ते वाढतं, पण त्या दोन्ही तपासण्या ठीक होत्या. डॉक्टरांनी नमुना घेतल्या दिवशीच पहिलं इंजेक्शन देऊन टाकलं होतं, निकालाची वाट पाहिली नव्हती. मज्जातंतूंचा प्रश्न असताना ते योग्यच होतं, मात्र रक्त आधी काढलं आणि सुई नंतर टोचली, हा क्रम पाळला.

काय केलं

बी-12 ची 1000 मायक्रोग्रॅमची इंजेक्शनं: पहिले दोन आठवडे दिवसाआड, मग दर आठवड्याला, पुढे महिन्याला एक. हा डोस डॉक्टरांनी तात्यांच्या तपासणीवरून ठरवला, तो कुणी आपल्या मनाने उचलू नये. सोबत लोहाची गोळी, कारण बी-12 मिळाल्यावर अस्थिमज्जा जोराने नवं रक्त करू लागते आणि उरलंसुरलं लोह संपवते.

पहिली सुई घेण्याआधी तात्यांनी विचारलं, "यात मांसाचं काही नाही ना?" मला हा प्रश्न आवडला. 1926 साली मिनो आणि मर्फी या अमेरिकी डॉक्टरांनी अशा पंडुरोगावर जो उपाय काढला तो रोज पाव किलोच्या आसपास कलेजी खाण्याचा होता. तेव्हाच्या माळकऱ्याची पंचाईतच झाली असती. 1948 मध्ये बी-12 वेगळं काढता आलं आणि आज ते कारखान्यात जिवाणूंकडून आंबवून घेतलं जातं. तसं सांगितलं. पुढे गोळीवर जायचं तेव्हाही जिलेटिनची कॅप्सूल टाळून साधी दाबलेली गोळी लिहून दिली, कारण जिलेटिन जनावरांपासून येतं.

पित्ताची गोळी एकदम बंद केली नाही. तशी केली तर आम्ल उसळी मारतं आणि माणूस चार दिवसांत पुन्हा गोळीकडे वळतो. दिवसाआड, मग लागेल तेव्हाच, अशी महिनाभरात उतरवली. जोडीला पहाटेच्या चहाआधी अर्धी भाकरी किंवा मूठभर फुटाणे, रात्रीचं जेवण झोपण्याच्या दोन तास आधी. तंबाखू निम्म्यावर आली, त्यापुढे हटली नाही.

जेवणावरचा चहा तासभर पुढे ढकलला आणि पालेभाजीवर लिंबू आलं. चहातली द्रव्यं भाजी-भाकरीतल्या लोहाला अडवतात, लिंबातलं क जीवनसत्त्व त्याला सोडवतं. यात पैसा लागत नाही.

दुधाचा निर्णय पत्नीने घेतला. मी एक लिटर म्हटलं होतं. डेअरीचं बिल किती घटेल हे त्यांनी बोटांवर मोजलं आणि अर्ध्या लिटरवर तडजोड केली: रात्री विरजण, सकाळी दही-ताक सगळ्यांना. तेवढ्याने बी-12 पूर्ण भागत नाही हे त्यांना सांगितलं. गोळी त्यासाठीच आहे.

परिणाम

दहा दिवसांत जीभ सुधारली आणि थकवा उतरला. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन 12.4 झालं. हाताच्या मुंग्या गेल्या, बटणं लागू लागली, न्हाणीत भिंत धरावी लागेनाशी झाली. शहरातल्या सर्जनना सगळे कागद दाखवले, तेव्हा त्यांनीही ऑपरेशनची गरज नाही असं सांगितलं. म्हैस दावणीलाच राहिली.

पण पायाची बोटं सहा महिन्यांनंतरही पूर्ण जागी झाली नव्हती. दीड वर्ष उपाशी राहिलेले मज्जातंतू सगळे परत येत नाहीत. रात्री रानात ते बॅटरी घेऊनच जातात आणि त्या वर्षी आषाढीला पंढरपूर एसटीने गाठलं.

घरातल्या इतरांचीही तपासणी झाली. सर्वांत कमी पातळी पत्नीची निघाली, 142. तक्रार त्यांनी कधी सांगितलीच नव्हती. शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला चहातलं दूधही कमीच येतं.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या मुंग्यांनंतर वर्षभर तात्यांना कुणी "काय खाता आणि कुठली गोळी घेता" हे एकत्र विचारलं नाही. शाकाहारी माणूस, दोन्ही पायांना सारखा बधिरपणा, रोजची आम्लाची गोळी, या तिन्हींची सांगड घातली असती तर एमआरआयच्या आधी साधी काचपट्टी पुरली असती. मेडिकलच्या काउंटरवर ही गोळी चार वर्षं सलग मिळते, हा प्रश्न एका घरापुरता नाही. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळीही बी-12 चं शोषण कमी करते आणि आमच्याकडे माळकरी मधुमेही काही थोडे नाहीत. त्यांची पातळी अधूनमधून बघायला हवी.

लाल सुईबद्दल माझं मत कडक आहे. ती दिली याला हरकत नाही, ती का दिली आणि कशाची दिली हे कागदावर नव्हतं, याला आहे. साधी नोंद असती तर 238 या आकड्यावर एवढी चर्चा झाली नसती.

ऑपरेशन तीन महिने पुढे ढकलण्यात धोका होता. मानेचा एमआरआयही त्याच वेळी काढायला हवा होता असं म्हणणारे डॉक्टर असतील आणि हातालाही मुंग्या असल्यामुळे त्यांचा मुद्दा बिनतोड आहे. इथे खर्चाने तो मागे पडला. इंजेक्शनांनी महिन्याभरात फरक दिसला नसता तर तो काढावाच लागला असता.

सुनेच्या बाबतीत मात्र थांबायला जागा नव्हती. गरोदरपणात सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं, बी-12 नसतं. आईकडेच नसेल तर अंगावर पिणाऱ्या बाळाला ते दुधातून मिळत नाही आणि बाळाच्या मेंदूची वाढ अडते. तिची पातळीही कमी आली. डॉक्टरांनी तिला बी-12 सुरू केलं आणि बाळंतपणानंतर अंगावर पाजेपर्यंत ते चालू ठेवायचं असं तिच्या तपासणीच्या कार्डावर लिहून दिलं, म्हणजे माहेरी गेल्यावर तिथल्या आशाताईंनाही दिसेल.